सत्तर परस पाण्याखालची मराठी अक्षरे

निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या काही जुन्या नोटा अधूनमधून लिलावात येतात. त्यांच्या वर्णनात एक ओळ ठरलेली असते : ‘इजिप्त’ बोटीच्या अवशेषातून काढलेली. कागद तपकिरी पडलेला असतो, कडा विरलेल्या असतात, पाण्याचे डाग असतात. पण छपाई वाचता येते. उर्दूच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि मराठी. म्हणजे मराठी अक्षरे असलेला हा कागद फ्रान्सच्या किनाऱ्याबाहेर, अटलांटिकच्या थंड काळोखात दहा वर्षे पडून होता आणि मग कोणीतरी तो वर काढला.

तो तिथे कसा गेला, वर कसा आला आणि त्याच्याबरोबर कोण वर आले नाही, या तीन प्रश्नांसाठी हा लेख. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सोलापुरात सुताच्या पेढीवर खतावण्या लिहिण्यात आयुष्य गेले, आणि नाणी-नोटांचा नाद त्यातूनच लागला. त्यामुळे या हकिकतीकडे माझी नजर हिशेबनिसाची आहे. जमा काय, खर्च काय आणि कोणती रक्कम खतावणीत ओढलीच गेली नाही, एवढेच मला पाहता येते.

नोट आणि सरहद्द

समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या सोलापूरकराला या नोटेचे अप्रूप का वाटावे, हे आधी सांगायला हवे. १९४८ पर्यंत सोलापूर हे इंग्रजी मुलखाच्या काठावरचे गाव होते. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा ही आमची रोजची गावे निजामाच्या राज्यात होती. भवानीच्या दर्शनाला जाणारा माणूस परक्या राज्यात जात असे. वाटेत करोडगिरीचा नाका लागे, आणि कनवटीचा रुपयाही बदलावा लागे. इकडे ‘कलदार’, तिकडे ‘हाली सिक्का’. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा ढोबळ भाव. सोलापूरच्या बाजारपेठेतील जुन्या घरांत दोन्ही रुपयांचे हिशेब ठेवणाऱ्यांची मुले-नातवंडे अजून आहेत.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा निजाम सरकारनेही कागदी चलन काढण्याचे ठरवले आणि १९१८ पासून हैदराबादच्या नोटा निघू लागल्या. त्या छापून येत इंग्लंडहून. प्रजा चार भाषांची, म्हणून नोटेवरही चार भाषा. छापलेल्या नोटा पेट्यांत भरायच्या, मुंबईच्या बोटीवर चढवायच्या आणि मुंबईहून रेल्वेने हैदराबादला न्यायच्या. रेल्वेने मुंबई ते हैदराबाद म्हणजे वाटेत सोलापूर आलेच. ही नोट बुडाली नसती, तर आमच्या स्टेशनावरून गेली असती.

वीस मिनिटे

‘इजिप्त’ ही पी अँड ओ कंपनीची बोट, १८९७ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे बांधलेली, सुमारे आठ हजार टनांची. महायुद्धात तिने इस्पितळ-बोट म्हणून काम केले होते. १९ मे १९२२ रोजी ती लंडनजवळच्या टिल्बरीहून मुंबईला निघाली. प्रवासी फक्त ४४ होते, कारण साहेबलोक रेल्वेने मार्सेयपर्यंत जाऊन तिथे बोटीवर चढणे पसंत करीत. कर्मचारी मात्र २९४ होते, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी.

पोटात ऐवज होता : सोन्याच्या १,०८९ लगडी, चांदीच्या १,२२९ लगडी आणि सुमारे १,६५,००० सॉव्हरिन, म्हणजे आपण ज्यांना गिन्नी म्हणतो ती नाणी. एकूण किंमत दहा लाख पौंडांहून अधिक. पौंडाला साधारण पंधरा रुपये धरले तर त्या वेळचे दीड कोटी रुपये. बँकांनी मुंबईच्या बाजारासाठी पाठवलेला हा माल, आणि सोबत निजामाच्या नोटा.

दुसऱ्या दिवशी, २० मेच्या संध्याकाळी सात वाजता, ब्रिटनीच्या टोकाशी असलेल्या उशांत बेटाच्या दक्षिणेला बोट दाट धुक्यात सापडली. समुद्र शांत होता. धुक्यात दोन भोंगे एकमेकांना ऐकू येत होते, पण दिशा कळत नव्हती. तेवढ्यात ‘सेन’ नावाची फ्रेंच मालवाहू बोट डाव्या कुशीत घुसली. ‘सेन’चे नाक बर्फ फोडता यावे म्हणून मुद्दाम मजबूत केलेले होते, त्याने ‘इजिप्त’ची कूस उभी फाडली. वीस मिनिटांच्या आत बोट दिसेनाशी झाली. ‘सेन’नेच वाचलेल्यांना उचलून ब्रेस्ट बंदरात नेले. ३३८ माणसांपैकी ८६ गेली.

आपल्याकडे बोट बुडण्याचा विषय निघाला की ‘रामदास’ आठवते : १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर मृत्यू. किनाऱ्यावर अजून तिच्या आठवणी निघतात. ‘इजिप्त’च्या मृतांत आपली माणसे होती, पण ती कोणाच्या आठवणीत नाहीत.

दोष कोणाचा

‘आपली माणसे’ म्हणजे कोण? पी अँड ओच्या बोटींवर कामाची वाटणी सहसा ठरलेली असे. डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर तांडेल, त्यांच्यावर सारंग. इंजिनच्या भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले. जेवणघर, स्वयंपाकघर आणि केबिनी गोव्याच्या माणसांकडे. रत्नागिरीच्या खाड्यांवरच्या मुसलमान वस्त्यांत आणि गोव्यातील बार्देश-साष्टीच्या गावांत ‘बोटीवर जाणे’ हाच धंदा होता. गोवेकर मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त उतरत, बोट मिळेपर्यंत तिथे राहत. युरोपियन खलाशापेक्षा त्यांचा पगार कितीतरी कमी असे, आणि करारही वेगळा. इंग्रजी कागदपत्रांत या सगळ्यांना एकच नाव होते : लास्कर.

बोट बुडाल्याबरोबर विलायतेतील वर्तमानपत्रांत गवगवा झाला की लास्कर घाबरले, त्यांनी होड्यांकडे धाव घेतली, म्हणून माणसे मेली. ही गोष्ट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहिली गेली. धुक्यात, कलत्या डेकवर, पंधरावीस मिनिटांत गोंधळ झाला असणार, यात शंका नाही. पण प्रश्न असा, की त्या गोंधळात काय करायचे हे त्यांना शिकवले कोणी होते? सरकारी चौकशीत पुढे आले ते असे, की जीवरक्षक होड्या उतरवण्याचा नीट सराव झालेला नव्हता. चौकशीने कप्तानाला जबाबदार धरले आणि त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. मुख्य अधिकाऱ्यालाही ठपका बसला.

एक साधी गोष्ट मला हिशेबनीस म्हणून महत्त्वाची वाटते. बोटीवर २९४ कर्मचारी आणि ४४ प्रवासी, म्हणजे एका प्रवाशामागे साडेसहा कर्मचारी. जो हमरस्त्याने पळाला असे म्हणतात, तोच वर्ग संख्येने सहापट होता आणि त्याचेच लोक सर्वाधिक बुडाले. पळणाऱ्यांच्या बाजूला एवढी मोठी वजावट कशी, हे त्या वेळच्या अग्रलेखांनी विचारलेले मला दिसले नाही.

सत्तर परस

विमा लॉइड्सच्या मंडळींनी उतरवलेला होता. त्यांनी रक्कम चुकती केली, आणि त्याबरोबर बुडालेले सोने त्यांचे झाले. पण ते काढायचे कसे? तिथली खोली सुमारे ७० फॅदम, म्हणजे १३० मीटरच्या आसपास.

‘फॅदम’ म्हणजे दोन्ही हात पसरलेल्या माणसाच्या एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. आपल्या कोकणातील कोळी समुद्राची खोली ‘वाव’ने मोजतात, तेही असेच माप. आमच्याकडे देशावर विहीर ‘परसा’ने मोजतात, परस म्हणजे पुरुष, माणसाच्या उंचीचे माप. पाणी कुठलेही असो, त्याची खोली माणसाने आधी स्वतःच्या देहानेच मोजली. आमच्या दुष्काळी जिल्ह्यात सात-आठ परसांची विहीर म्हटली की खोल. ‘इजिप्त’ त्याच्या जवळजवळ दहापट खाली होती.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. १३० मीटरवर पाण्याचा तेरा आणि वरच्या हवेचा एक, असा चौदा वातावरणांचा भार. साध्या भाषेत, देहाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे चौदा किलो. देह बहुतांश पाण्याचा असल्यामुळे तो चिरडत नाही. अडचण श्वासाची होते. त्या दाबाला जी हवा आत घ्यावी लागते, तिच्यातील नायट्रोजन दारूसारखा चढतो, माणूस भलतेच वागू लागतो. प्राणवायूही इतका दाट होतो की तोच विषारी ठरून झटके येतात. वर येताना घाई केली तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोड्याच्या बाटलीतल्यासारखा फसफसून बाहेर पडतो. सांधे धरतात, लकवा होतो, मृत्यू येतो. त्यावर थंडीची भर. तिथले पाणी दहा-बारा अंशांच्या घरात असते, आणि पाणी अंगातील ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते.

आज मराठी वाचकाला पाणबुडीचा अनुभव तारकर्लीमुळे परिचयाचा झाला आहे. तिथे कोमट पाण्यात, चार-दोन परसांवर प्रवाळ आणि मासे पाहून माणूस अर्ध्या तासात वर येतो. तोच छंद १३० मीटरवर नेणारे अनुभवी पाणबुडे आजही थोडेच आहेत. ते नायट्रोजनच्या जागी बराचसा हेलियम मिसळलेली हवा घेतात, तळाशी काही मिनिटे थांबतात आणि वर येताना टप्प्याटप्प्याने काही तास पाण्यातच घालवतात. १९२२ साली यातले काही नव्हते. रबरी पोशाख आणि पितळी शिरस्त्राण घालणारा पाणबुड्या याच्या निम्म्या खोलीलाही जीव मुठीत धरून जात असे.

शोध

त्याहून आधीचा प्रश्न, बोट नेमकी आहे कुठे? वायरलेस केंद्रांनी टिपलेली दिशा एक सांगत होती, ‘इजिप्त’च्या अधिकाऱ्यांचा अंदाज दुसरे आणि ‘सेन’च्या कप्तानाचा तिसरे. धुक्यात कोणालाच आकाश दिसलेले नव्हते. १९२३ पासून स्वीडिश आणि फ्रेंच मंडळींनी प्रयत्न करून पाहिले आणि सोडून दिले. अखेर इटलीतील जिनोआच्या ‘सोरिमा’ कंपनीने हे काम घेतले. तिचा चालक क्वाल्या आणि मुख्य पाणबुड्या व्हियारेज्जो गावचा अल्बेर्तो जान्नी. त्यांच्या बोटी म्हणजे जुने मासेमारीचे ट्रॉलर. नावे ‘आर्तिल्यो’ आणि ‘रोस्त्रो’, म्हणजे शिकारी पक्ष्याची नखी आणि चोच.

या मोहिमेत एक बाहेरचा माणूस सामील झाला होता, लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार डेव्हिड स्कॉट. तो महिनोन्महिने त्या खलाशांबरोबर राहिला, त्यांचे खाल्ले, त्यांच्याबरोबर हेलकावे सोसले आणि बातम्या पाठवल्या. १९३१ आणि १९३२ मध्ये त्याची दोन पुस्तके आली. या मोहिमेविषयी आपल्याला जे बारकाईने कळते, ते बरेचसे त्याच्यामुळे.

शोधाची रीत सोपी, पण जीव काढणारी. दोन बोटींनी काही अंतर ठेवून चालायचे, मध्ये पोलादी तार तळापासून थोडी वर राहील अशी ओढायची आणि ती कशात अडकते का पाहायचे. समुद्राची पट्टी आखून घ्यायची, चार बाजूंना खुणेची पिंपे सोडायची आणि शेत कुळवावे तसे ते पाणी कुळवत जायचे. तार खडकाला अडकते, तुटते, वादळ येते, पिंपे वाहून जातात. वर्षातील उन्हाळ्याचे काही महिनेच तिथे काम करता येते. ‘आर्तिल्यो’वर भूगर्भातील धातू हुडकणारी काडी घेऊन कापुचिन पंथाचा एक साधूही येऊन गेला. हे वाचून मला आमच्याकडचा पाणाड्या आठवला. उंबराची बेचकी काडी हातात धरून रानातून फिरणारा. पैसा आणि धीर संपत आला की माणूस कुठेही काडीच्या मागे चालू लागतो. सोने मात्र काडीने सापडले नाही. बोट ऑगस्ट १९३० च्या अखेरीस सापडली, तारेने.

त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये, तिकडे ही माणसे समुद्र कुळवत असताना, सोलापुरात मार्शल लॉ होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण १९३० म्हटले की आम्हा सोलापूरकरांच्या मनात जे उभे राहते, त्याच्या शेजारी ही तारीख ठेवली की काळाचा अंदाज येतो.

डोळा खाली, यारी वर

दाबाच्या प्रश्नाला जान्नीच्या मंडळींनी दिलेले उत्तर असे होते, की माणसाला दाब लागूच द्यायचा नाही. त्यांनी पोलादी नळकांडे वापरले. आत एक माणूस उभा राहील एवढे, वरच्या भागात जाड काचेच्या खिडक्या. झाकण वर पक्के बसवले की आत वरचीच साधी हवा. दहा सेंटिमीटर व्यासाची काच धरली तरी तिच्यावर तळाशी सुमारे एक टन भार येतो; त्यावरून त्या काचांची कल्पना करावी. आतल्या माणसासाठी प्राणवायूची छोटी टाकी, उच्छ्वासातील कर्बवायू शोषणारे रसायन आणि वर बोलायला टेलिफोन. त्याचे हात मात्र बंद. तो फक्त पाहणार आणि सांगणार.

हे समजायला विहिरीतला गाळ काढताना पाहिलेले असले की पुरते. वर यारी असते, यारीवर माणूस असतो, त्याला खालचे काही दिसत नाही. खाली उतरलेला ‘घे’, ‘थांब’, ‘सोड’ म्हणतो आणि त्याच्या शब्दावर बादली हलते. ‘आर्तिल्यो’वर हेच चालले होते. विहीर सत्तर परसांची, यारी हेलकावणाऱ्या बोटीवर आणि बादलीच्या जागी पोलादी नखी. बोट सहा बाजूंनी दोर बांधून स्थिर ठेवायची. खालच्या माणसाने धूसर उजेडात पाहून सांगायचे : चार हात डावीकडे, थोडे खाली, बंद करा. वरच्याने त्या आवाजावर विसंबायचे. भरतीचा ओढ वाढला की नळकांडे लंबकासारखे झुलत बोटीच्या पोलादावर आपटे. दोर तुटला तर आतला माणूस तिथेच राहणार, हे दोघांनाही माहीत असे.

सोन्याची खोली तीन डेकांच्या खाली होती. त्यामुळे डेकांना सुरुंग लावून, फाटलेले पत्रे नखीने उचलून बाजूला टाकत, वरून खाली रस्ता करायचा होता. विहिरीला कातळ लागला की आपण करतो तेच. त्या मोसमात कप्तानाची तिजोरी हाती लागली; तिच्यात कागदपत्रे निघाली, सोने नाही.

सात डिसेंबर

हिवाळ्यात ‘इजिप्त’वर काम अशक्य, म्हणून ‘आर्तिल्यो’ किनाऱ्याजवळ दुसऱ्या कामाला लागली. ‘फ्लॉरेन्स एच.’ नावाची दारूगोळ्याची बोट १९१८ साली ब्रिटनीच्या किब्रों उपसागरात स्फोट होऊन बुडाली होती. तिचे अवशेष जहाजांच्या वाटेत येत, ते सुरुंगाने साफ करायचे होते. थोडे थोडे करून काम चालले. बरीच वर्षे पाण्यात भिजलेली दारू मेली असावी असा समज झाला आणि बोट पूर्वीइतकी दूर नेणे थांबले. ७ डिसेंबर १९३० रोजी सुरुंग उडवताच उरलेला सगळा साठा एकदम उडाला. ‘आर्तिल्यो’ बुडाली. जान्नी, फ्रान्चेस्की, बार्जेल्लिनी हे तिन्ही नामवंत पाणबुडे आणि बोटीवरची निम्म्याहून अधिक माणसे गेली.

सत्तर परसांवरच्या थंड पाण्याने ज्यांना काही केले नाही, ते उथळ पाण्यात, नेहमीच्या कामात गेले. धोक्याची सवय होते, तेव्हा अंतर आपोआप कमी होत जाते. गिरणीत, खाणीत, विजेच्या खांबावर काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

उरलेल्यांनी दुसरी बोट घेतली, तिलाही ‘आर्तिल्यो’ हेच नाव दिले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा तिथेच आले. २२ जून १९३२ रोजी नखी उघडली आणि डेकवर चिखल-भंगाराबरोबर गिन्न्या पडल्या. मागोमाग लगडी. सोन्याच्या आधी आणि सोन्यासोबत पुष्कळ काही वर येत होते, आणि त्यात निजामाच्या नोटाही होत्या. १९३५ पर्यंत बहुतेक सगळे सोने निघाले. करारानुसार सुमारे निम्मा वाटा इटालियन कंपनीचा, बाकी विमेदारांचा आणि मूळ कराराच्या भागीदारांचा.

उलट्या वाटेचे सोने

आता खतावणीतील सर्वांत विचित्र नोंद. हे सोने १९२२ साली लंडनहून मुंबईला निघाले होते. १९३२ साली ते वर आले आणि इंग्लंडला परत गेले. मधल्या दहा वर्षांत सोन्याचा प्रवाहच उलटा झाला होता.

१९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सारा आणि सावकाराचे देणे मात्र तसेच राहिले. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. रुपया पौंडाला एक शिलिंग सहा पेन्सांनी बांधलेला, त्यामुळे तोही घसरला आणि तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेले सोने झपाट्याने महागले. अडलेल्या कुणब्याने घरातील पुतळ्या, वाक्या, बोरमाळ काढून सोनाराला दिली. सोनाराकडून ती मुंबईला गेली, वितळून लगड झाली आणि बोटीत बसून लंडनला निघाली. कोट्यवधी रुपयांचे सोने असे गेले. लोकांनी त्याला ‘अडीअडचणीचे सोने’ म्हणावे, आणि सरकारने त्याला निर्यात म्हणावे.

म्हणजे १९३२ च्या उन्हाळ्यात दोन ठिकाणांहून सोने इंग्लंडकडे चालले होते. एक ‘इजिप्त’च्या पोटातून, ज्याच्या बातम्या जगभर गाजत होत्या. दुसरे मराठवाडा-सोलापूरसारख्या कोरड्या मुलखातील उतरंडीतून आणि कनवटीतून, ज्याची बातमी घरातल्या बाईच्या मोकळ्या गळ्याखेरीज कुठे छापलेली नव्हती. पहिल्याच्या प्रत्येक लगडीला क्रमांक होता.

न ओढलेली रक्कम

हेच क्रमांक मला सतावतात. १,०८९ लगडी, त्यांतली प्रत्येक कोणत्या पेटीत होती, वर कधी आली, किती गहाळ, हे सांगता येते. ८६ माणसे, त्यांतल्या हिंदी माणसांची नावे, जे वृत्तान्त माझ्या वाचनात आले त्यांत, जवळजवळ नाहीतच. तिथे ‘लास्कर’ हा एक शब्द आणि पुढे आकडा. जान्नीच्या नावाचे संग्रहालय व्हियारेज्जोत आहे, आणि ते असायलाच हवे. मुंबईत मशीद बंदर भागात हिंदी खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे. पण ते युद्धातील मृतांचे. ‘इजिप्त’ शांततेच्या काळात बुडाली. तिच्यावरच्या माणसांना त्या यादीत जागा असण्याचे कारणच नाही.

२००१ साली युनेस्कोने पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाविषयी करार केला आणि २००९ पासून तो लागू आहे. शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेली मानवी जीवनाची खूण हा वारसा मानावा, ती लुटीचा माल समजू नये, असे त्याचे सूत्र आहे. फ्रान्सने २०१३ साली तो मान्य केला. २० मे २०२२ रोजी ‘इजिप्त’ला शंभर वर्षे झाली. सोने होते तोवर ती ‘ऐवज’ होती. सोने संपल्यावर ती वारसा झाली. वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न येतो. विमेदारांचा हिशेब मिटला, कंपनीचा मिटला. मिटला नाही तो रत्नागिरीच्या खाडीकाठचा आणि गोव्यातील वाड्यांचा.

तो मिटवणे अगदीच अशक्य नाही. ब्रिटिश बोटींवर प्रत्येक सफरीला कर्मचाऱ्यांची करारयादी होत असे : नाव, बापाचे नाव, वय, गाव, हुद्दा. समुद्रावर मेलेल्या खलाशांच्या नोंदवह्याही इंग्लंडच्या दप्तरांत आहेत. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली ती नावे वाचायला मात्र कोकणी कान हवा. ‘बाबामिया’चे, ‘सालू’चे, ‘मिंगेल’चे तिथे काय झाले असेल, हे लंडनचा अभ्यासक ओळखणार नाही, हर्णै, दाभोळ, म्हापसा, मडगाव इथला ओळखेल. दुसरा धागा घरांत आहे. चर्चच्या मृत्यूनोंदीत ‘समुद्रावर’ एवढाच शेरा, मशिदीच्या वहीत एखादे नाव, पेटीत कंपनीचे एखादे पत्र, किंवा ‘पणजोबा इजिप्तला गेले आणि परत आलेच नाहीत’ असे घरात चालत आलेले वाक्य. अशा घरात आजवर त्याचा अर्थ मिसर देश असाच लावला गेला असण्याचा संभव आहे. तो अर्थ एकदा तपासून पाहावा. देश नसेल, बोट असेल. असे काही ज्यांच्याकडे असेल त्यांनी या अंकाच्या संपादकांना अवश्य कळवावे.

निजामाची नोट कागदाची होती. तरी तिच्यावरची मराठी अक्षरे दहा वर्षांच्या खाऱ्या पाण्यातून वाचण्याजोगी वर आली. करारयादीतील नावे कोरड्या कपाटात आहेत. ती वाचायला नळकांडे लागत नाही, यारी लागत नाही. कोणीतरी यादी मागवून, एकेक नाव मोठ्याने वाचून, त्यापुढे गाव लिहायचे आहे.